एका सेकंदात अकरा रिपोर्ट

माझी आत्या नांदेडला राहते. दर भेटीत तिचा एक प्रश्न ठरलेला असतो, "नेमकं काय करायलीस गं तू लातूरला?" मी सांगते, दवाखान्यात दोन वेगवेगळी सॉफ्टवेअर असतात, एकातलं दुसऱ्याला काही कळत नाही, ते कळायची सोय मी करून देते. आत्या म्हणते, "मग ते एकच का घेत न्हाईत?" प्रश्न चोख आहे. पण तो विकणाऱ्यांना विचारायला हवा, आणि ते आत्याकडे येत नाहीत.

सात वर्षं पुण्यात नोकरी करून मी मराठवाड्यात परत आले. नवरा लातूरच्या कॉलेजात शिकवतो, म्हणून बस्तान लातूरला. औसा रोडला दोन खोल्यांचं ऑफिस आहे. खाली शिकवणीच्या मुलींची खानावळ असल्यामुळे अकरा वाजले की आमच्या कीबोर्डला फोडणीचा वास लागतो. माझ्यासोबत दोघी काम करतात. एक उदगीरची, एक इथलीच. पुण्याच्या ओळखीतले लोक विचारायचे, "तिकडे बसून काय करणार?" जे पुण्यात बसून करत होते तेच, हे उत्तर मी किती वेळा दिलं असेल, मोजलं नाही.

नांदेडच्या एका दवाखान्याचं काम आलं तेव्हा मी खूश होते. शंभरेक खाटांचा दवाखाना, किनवटपासून धर्माबादपर्यंतचे पेशंट. तिथे दवाखान्याचं मुख्य सॉफ्टवेअर एका मोठ्या कंपनीचं आणि तळमजल्यावरच्या लॅबचं दुसऱ्याच कंपनीचं. रक्त तपासलं की आकडे लॅबच्या स्क्रीनवर येत आणि वॉर्डातल्या डॉक्टरांना ते दिसायला हवेत तर कोणीतरी ते बघून दुसऱ्या स्क्रीनवर टाइप करायला हवं. हे कोणीतरी म्हणजे ताई.

ताई हदगाव तालुक्यातल्या एका गावच्या. बारावी झालेल्या, पन्नाशीला आलेल्या. नऊ वर्षं त्या दोन स्क्रीनच्या मधे बसून आकडे इकडून तिकडे नेत होत्या. डाव्या हाताचं बोट लॅबच्या स्क्रीनवर, उजवा हात आकड्यांच्या बटणांवर, आणि तोंडाने पुटपुटत हिमोग्लोबिन, युरिया, क्रिएटिनिन. बटणांकडे त्या बघतच नसत.

पहिल्या दिवशी मी शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांनी चष्मा वर केला.

"तुमी आल्या म्हंजी मी गेले. असंच ना?"

"मला माहीत नाही, ताई," मी म्हणाले. खोटं बोलण्यापेक्षा ते बरं होतं, पण त्यात धीर काहीच नव्हता. त्या परत टाइप करू लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "इचारा काय इचारायचं ते. लपवून मला काय भेटायलंय?"

आणि त्यांनी खरंच काही लपवलं नाही. लॅबचं मशीन कधी एखाद्या आकड्यापुढे फुली मारतं आणि ती फुली म्हणजे परत तपासा, हे मला कुठल्याही कागदात सापडलं नव्हतं. ते त्यांनी सांगितलं. लग्नानंतर नाव बदललेल्या बाया दोनदा नोंदवल्या जातात, आश्रमशाळेतल्या पोरींचा पत्ता एकच असतो, त्यामुळे नाव-पत्त्यावर भरवसा ठेवू नका, हेही त्यांनीच सांगितलं. त्यांच्याकडे एक रजिस्टर होतं, त्यात असल्या खोडी लिहून ठेवलेल्या होत्या.

आता माझ्या कामाबद्दल दोन वाक्यं सांगते. प्रत्येक मोठ्या सॉफ्टवेअरला बाहेरच्यांसाठी एक खिडकी असते. तहसीलला असते तशीच. ठरलेल्या नमुन्यात विचारलं की ठरलेल्या नमुन्यात उत्तर मिळतं. तिला एपीआय म्हणतात. त्या खिडकीशी जायला कंपनी एक गुप्त शब्द देते, त्याला आम्ही चावी म्हणतो. लॅबच्या खिडकीतून आकडे घ्यायचे, दवाखान्याच्या खिडकीतून आत द्यायचे, एवढंच करणारा प्रोग्राम मला लिहायचा होता.

लॅबवाल्या कंपनीने चावी दोन दिवसांत दिली. दवाखान्याच्या सॉफ्टवेअरवाल्या कंपनीने आधी व्हिडिओ कॉल ठेवला. त्यांचे एक साहेब होते, आवाज मऊ, पार्श्वभूमीला खोटी पुस्तकांची भिंत. म्हणाले, "मॅडम, आमचे पुण्यात सर्टिफाइड पार्टनर आहेत. तुमची टीम लातूरची, म्हणजे थोडं रिस्की नाही का?"

"रिस्क कशात आहे, सर?"

"नाही म्हणजे, स्केल वगैरे."

दवाखान्याचे मालक डॉक्टर माझ्या बाजूला बसले होते. ते म्हणाले, "काम त्यांनाच दिलंय. चावी द्या." साहेबांनी दिली, पण एक अट घातली. माझ्या प्रोग्रामसाठी वेगळं खातं उघडून देणार नाही, ते फक्त पार्टनरना मिळतं, तेव्हा ऑपरेटरच्याच लॉगिनने आकडे आत टाका.

इथे मी चुकले. वेगळं खातं नसेल तर माझा प्रोग्राम जे जे करेल त्यापुढे ताईंचं नाव उमटणार, हे मला त्या क्षणीही कळत होतं. पण काम अडेल, पुण्याचा पार्टनर येईल, या धास्तीने मी मान डोलावली. ताईंना विचारलं तेव्हाही घाईत विचारलं, "तुमचं लॉगिन वापरू ना?" त्या म्हणाल्या, "वापरा की, त्याला काय होतंय." काय होतं ते मी त्यांना समजावून सांगायला हवं होतं.

जोडणी सुरू झाली आणि दोन महिने छान चालली. लॅबमध्ये आकडा आला की वॉर्डात दिसायचा. ताईंना डॉक्टरांनी नोंदणीच्या टेबलावर बसवलं. तरी सवयीने त्या येता-जाता जुन्या स्क्रीनवर नजर टाकायच्या. कोणी हसलं तर म्हणायच्या, "नऊ वर्सं वाचून राहिले मी. डोळे ऐकत न्हाईत."

त्या सोमवारी सकाळी त्यांनी अशीच नजर टाकली. हदगावकडची एक बाई सिझेरियनसाठी भरती होती, तरणीताठी. तिच्या पानावर पोटॅशियम सहा पूर्णांक आठ आणि क्रिएटिनिन नऊ. ताईंनी ते आकडे ओळखले. हो, ओळखले असंच म्हणावं लागेल. दर सोमवारी आणि गुरुवारी धर्माबादच्या एक म्हाताऱ्या आजी डायलिसिसला येत आणि त्यांचे आकडे ताईंनी वर्षानुवर्षं टाइप केले होते. ताईंनी आजींचं पान उघडलं. तिथे सगळं तरण्या बाईसारखं, एकदम नॉर्मल.

ताई लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर गेल्या. वॉर्डात ऑपरेशन पुढे ढकललं होतं, ज्युनिअर डॉक्टरांनी पोटॅशियम उतरवायचं औषध लिहिलं होतं आणि सिस्टरांनी इंजेक्शन भरून घेतलं होतं. ताईंनी सिस्टरांचा हातच धरला. "थांबा. हे हिचं रगत न्हाई." खाली आजींना, रिपोर्ट चांगला आहे, तुमचा नंबर दुपारी, असं सांगून बाकावर बसवलं होतं. त्यांना लगेच आत घेतलं. दोघी वाचल्या. दोन दिवसांनी त्या बाईला मुलगी झाली.

मला लातूरला फोन आला. मी आधी जोडणी बंद केली, मग अहमदपूर, लोहा करत बसने नांदेड गाठलं. बसमध्येच लॅपटॉप मांडीवर घेऊन मी नोंदी उघडल्या. माझा प्रोग्राम खिडकीवर काय विचारतो आणि काय उत्तर मिळतं ते सगळं जसंच्या तसं साठवून ठेवतो, ही माझी जुनी सवय. शनिवारपर्यंत कंपनीच्या खिडकीतून पेशंटचा आठ आकडी नंबर येत होता. सोमवारी सकाळपासून नऊ आकडी येत होता. त्यांनी रविवारी सॉफ्टवेअर बदललं होतं आणि कोणालाही सांगितलं नव्हतं. त्यातून, नंबर नऊ आकडी झाला तरी रिपोर्ट आत घेणारी त्यांची खिडकी जुनीच राहिली होती. ती आठ आकडे वाचायची आणि शेवटचा टाकून द्यायची. ज्या दोघींच्या नंबरात फक्त शेवटचा आकडा वेगळा, त्या तिच्या लेखी एकच, आणि एकीचा रिपोर्ट दुसरीच्या पानावर जाऊन बसायचा. त्या सकाळी पहिल्या खेपेला अकरा रिपोर्ट गेले. त्यातले दोन या दोघींचे होते.

मंगळवारी कंपनीचा मेल आला. आमच्या बाजूने दोष नाही, रेकॉर्डनुसार नोंदी ऑपरेटरने केल्या आहेत, मानवी चूक. आणि खाली ताईंचं नाव, वेळेसकट.

बुधवारी सकाळी ते मऊ आवाजाचे साहेब स्वतः नांदेडला आले. डॉक्टरांच्या केबिनमध्ये जायच्या आधी त्यांनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"मॅडम, तुमचं काम मी बघितलंय, चांगलं आहे. पार्टनर लिस्टमध्ये तुमचं नाव घालायचं मी बोललोय वर. मराठवाड्यात आमची बरीच हॉस्पिटल्स आहेत. आज फक्त हे प्रकरण शांतपणे मिटू द्या. ती ऑपरेटर आहे, तिला कोणी काढणार नाहीये. एक कागद, एक सही."

मला मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. मी पाण्याच्या मशीनपाशी जाऊन उभी राहिले. तिथून नोंदणीचं टेबल दिसत होतं. ताई कोणा म्हाताऱ्याला वय विचारत होत्या आणि तो म्हणत होता, "लिव्ह तुला वाटंल ते, माय." माझ्या मनात ऑफिस होतं, तिथे काम करणाऱ्या दोघी होत्या, आणि पुण्याला दाखवून देण्याची ती खाजही होती. ग्लासातलं पाणी संपेपर्यंत मी मनात हिशेब मांडत राहिले. मग मला त्या हिशेबाचाच राग आला. यादीत नाव घालून घ्यायला मी ताईंचं नाव देणार होते. मी आत गेले.

केबिनमध्ये डॉक्टर, ते साहेब आणि मी. ताईंना बोलावलं. त्या दाराशीच उभ्या राहिल्या. साहेबांनी एक इंग्रजी कागद पुढे सरकवला. "ताई, इथे फक्त सही. फॉर्मॅलिटी आहे."

ताईंनी कागद उचलला, माझ्याकडे दिला. "मॅडम, काय लिव्हलंय?"

मी मोठ्याने मराठीत सांगितलं, "यात लिहिलंय की सोमवारचे रिपोर्ट तुम्ही हाताने टाकले, आणि टाकताना तुमच्याकडून चुकले."

"मी टाकलेच न्हाईत," ताई म्हणाल्या. "मी तर चुकलेले धरले."

साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "सिस्टिममध्ये तुमच्या नावाची नोंद आहे ना, ताई. सिस्टिम खोटं बोलत नाही."

तेव्हा मी बोलले. "नोंद आहे, कारण मी त्यांचं लॉगिन वापरलं. आणि ते वापरलं, कारण तुम्ही वेगळं खातं दिलं नाहीत. मी मान्य केलं ही माझी चूक. दुसरी चूक, माझा प्रोग्राम फक्त नंबर बघत होता. रिपोर्ट ज्या पानावर चाललाय तिथलं नाव आणि वय जुळतं का हे त्याने बघायला हवं होतं. या दोन चुका माझ्या आहेत, लिहून द्या म्हणाल तर आत्ता देते. ताईंची यात एकही नाही." आणि लॅपटॉप डॉक्टरांकडे वळवला. "हा शनिवारचा नंबर, हा सोमवारचा. आणि ही वेळ बघा, सर. अकरा रिपोर्ट, एकाच सेकंदात, एकाच नावाने."

मी केबिनमधल्या कॉम्प्युटरपुढची खुर्ची ओढली आणि साहेबांना म्हणाले, "या खुर्चीवर बसा. एक रिपोर्ट टाइप करा. मी घड्याळ लावते."

ते हसले. बसले नाहीत. "मॅडम, असं ड्रामॅटिक नको करायला."

बसले ते डॉक्टर. त्यांनी स्टेथोस्कोप बाजूला ठेवला, लॅबचा एक कागद घेतला आणि एका बोटाने टाइप करायला लागले. बटणं शोधत होते, पुसत होते, परत टाकत होते. ताईंना राहवलं नाही. "सर, पॉइंट खाली हाय, उजवीकडं." एका रिपोर्टला दोन मिनिटं लागली, तेही युरिया चुकीच्या रकान्यात. डॉक्टरांनी हात टेकले. "एका सेकंदात अकरा," ते साहेबांना म्हणाले, "आणि तुम्ही मला सांगता हे बाईंनी केलं."

साहेबांनी बॅग बंद केली. जाताना मऊपणा उतरला होता. "ॲक्सेस आम्ही दिलाय, हे लक्षात ठेवा. तुम्ही आमच्या पार्टनर नाही."

त्याच दिवशी दुपारी चावी बंद झाली. माझा प्रोग्राम काहीही विचारो, उत्तर एकच. परवानगी नाही.

म्हणजे परत हाताने. ताई परत दोन स्क्रीनच्या मधे जाऊन बसल्या. मी लातूरला गेले नाही. नांदेडलाच माहेरी, बाबांकडे राहिले आणि रोज सकाळी ताईंच्या शेजारी दुसऱ्या खुर्चीवर बसून टाइप करू लागले. ज्या कामाला मी दोन महिन्यांपूर्वी 'वाचवता येण्यासारखं' म्हणाले होते, ते मला धड जमत नव्हतं. ताई माझा प्रत्येक रिपोर्ट तपासायच्या. "इथं पाचाचे सात केले तुमी." तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "माझ्यावर राग आहे का?" त्यांनी बोट स्क्रीनवरून न काढता सांगितलं, "हाय. पण तुमी बोलल्या. आता टाका फुडचा."

कंपनीला पाठवायचं पत्र मी बाबांच्या घरी लिहिलं. बाबा निवृत्त शिक्षक. त्यांनी लाल पेन घेतला. 'आमची नम्र विनंती आहे की' हे त्यांनी खोडलं. "रिपोर्ट दवाखान्याचे, पेशंट दवाखान्याचे, आणि विनंती कशाची? मागतोय ते लिही." मग पत्रात मागण्याच राहिल्या. चावी परत द्या. प्रोग्रामला त्याचं स्वतःचं खातं द्या. खिडकीत काहीही बदलायचं तर आधी लेखी कळवा. डॉक्टरांनी सही केली आणि तेच सॉफ्टवेअर वापरणाऱ्या नांदेडच्या दोन आणि लातूरच्या तीन डॉक्टरांना त्यांनी स्वतः फोन केले. त्यातल्या एकाने आधी टाळाटाळ केली. मग त्याच्याकडेही रविवारनंतर दोन रिपोर्टांची अदलाबदल झाल्याचं निघालं. तो स्वतः सही करायला नांदेडला आला.

सतराव्या दिवशी चावी आली, वेगळ्या खात्यासह. माफीचा शब्द नव्हता.

जोडणी मी नव्याने लिहिली. आता नंबर, नाव, वय, तिन्ही जुळलं तरच रिपोर्ट पुढे जातो. एक जरी अडलं तरी तो थांबतो आणि माणसासमोर येतो. कंपनीने मेल केला की अशी माणसाची पायरी त्यांच्या पद्धतीत बसत नाही. मी उत्तर दिलं की आमच्या पद्धतीत बसते. त्या पायरीवर ताई बसतात. दिवसाला पाच-सहा रिपोर्ट अडतात. त्या वाचतात, वॉर्डात फोन लावतात, मग सोडतात. लातूरच्या एका दवाखान्याने हीच जोडणी मागितली तेव्हा अडलेला रिपोर्ट कसा वाचायचा हे शिकवायला मी ताईंना घेऊन गेले. तिथल्या मॅनेजरनी विचारलं, "यांचं क्वालिफिकेशन?" ताई म्हणाल्या, "दोन जणी जित्त्या हायत, त्या."

पार्टनर यादीत माझं नाव आजही नाही. दोन कामं त्यामुळे गेली. जाऊ देत.

ताईंचं मात्र समाधान झालं नव्हतं. सगळं सुरळीत झाल्यावर एके दिवशी त्यांनी मला विचारलं, "त्या सोमवारच्या अकरा रिपोर्टावर अजून माझंच नाव हाय का?" होतं. झालेली नोंद बदलता येत नाही, तसा नियमच आहे, आणि तो नियम चुकीचाही नाही. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी केलं न्हाई त्याच्यावर माझं नाव कामून ऱ्हावं? अर्ज लिव्हते."

अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला, मराठीत. कंपनीने मराठी कळत नाही असं कळवलं. त्यांनी तोच अर्ज परत पाठवला. तिसऱ्या खेपेला कोणीतरी वाचला असावा. नोंद पुसता येत नाही, पण तिच्यासोबत शेरा जोडता येतो, असं उत्तर आलं. पाच महिन्यांनी शेरा उमटला. ही नोंद स्वयंचलित प्रणालीद्वारे झाली आहे.

मी प्रिंट काढून नांदेडला नेली आणि वाचून दाखवली. ताईंनी परत वाचायला लावली. चष्मा काढून पदराने पुसला.

"हे ठीक हाय. पण चुकलं कोण, ते कुठं लिव्हलंय?"

"ते नाही लिहिलेलं."

"आन धरलं कोण?"

तेही नव्हतं. ताईंनी कपाटातून कोरा कागद घेतला, टेबलावर सरळ केला आणि तारीख टाकली.